इंडक्शन शेगडीवर ‘ई’ आणि आकडा दिसू लागला तर : अर्थ कसा लावावा, तपासणी कुठून सुरू करावी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या पुष्कळ घरांत पाइपच्या गॅसच्या जोडीला एक इंडक्शन शेगडी असते, आणि ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे अशा भागांत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांची व नोकरदारांची तर बहुतेक वेळा सगळी मदार तिच्यावरच असते. ही शेगडी चालता चालता टीं-टीं करत थांबते आणि जिथे वॉटचा किंवा तापमानाचा आकडा दिसत होता तिथे ‘ई-१’, ‘ई-३’ किंवा ‘ई-६’ असे काहीतरी झळकू लागते, तेव्हा बहुतेक जण बटण पुन्हा पुन्हा दाबतात, प्लग काढून लावतात आणि तेवढ्याने भागले नाही तर मोबाइलवर कोडचा एखादा तक्ता शोधून त्यावरून शेगडीचा कोणता भाग गेला हे ठरवून मोकळे होतात. यातले शेवटचे पाऊल सर्वांत महागात पडते. शेगडी थांबली त्या क्षणी तिच्या आतल्या सेन्सरांना काय आढळले, एवढीच नोंद त्या कोडमध्ये असते. ते तसे का आढळले, याचा शोध घरातल्यांना किंवा मेकॅनिकला स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, आणि त्यातला बराचसा भाग शेगडी न उघडता, ओट्याजवळ उभे राहूनच करता येतो.

आधी त्या तक्त्याविषयी. इंडक्शन शेगडीच्या कोडसाठी सर्व कंपन्यांनी पाळावा असा एकच प्रमाणित तक्ता अस्तित्वात नाही. एका मॉडेलमध्ये ‘ई-१’ म्हणजे शेगडीवर भांडे नाही, दुसऱ्यात तोच ‘ई-१’ म्हणजे व्होल्टेज कमी आणि तिसऱ्यात काचेखालच्या सेन्सरची वायर तुटली असा असू शकतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही अर्थ बदललेला दिसतो, कारण आतले कंट्रोल कार्ड, म्हणजे शेगडी चालवणारा इलेक्ट्रॉनिक फलक, वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले असते. म्हणून शेगडी गार झाल्यावर, प्लग काढून, ती अलगद उलटी करावी आणि तळाच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक, व्होल्टेज व वॉट यांचा फोटो काढून ठेवावा. त्याच मॉडेलची माहितीपुस्तिका बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळते. आपल्याकडे पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते. तिच्या शेवटच्या दोन पानांवरचा बिघाडांचा तक्ता कापून ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला, तर पुढचा बराच त्रास वाचतो.

कंपनी कोणतीही असली तरी हे कोड साधारण चार घरांत बसतात. शेगडीला भांडे सापडत नाही, हे पहिले. कुठेतरी उष्णता मर्यादेबाहेर गेली आहे, हे दुसरे. येणारी वीज मर्यादेबाहेर आहे, हे तिसरे. आणि एखादा सेन्सर किंवा आतले कार्ड नीट उत्तर देत नाही, हे चौथे. पुस्तिकेतून आपला कोड यांपैकी कोणत्या घरात बसतो ते कळले की निम्मे काम झाले. पुस्तिका मिळालीच नाही, तर पुढे दिलेल्या पाण्याच्या चाचणीवरूनही ते बऱ्यापैकी ओळखता येते.

कोड दिसताच काय करावे

कोड दिसला तरी आतला पंखा फिरत असेल, तर भिंतीवरचे बटण लगेच बंद करू नये. त्या पंख्याचे काम आतले भाग गार करण्याचे आहे, आणि तो मध्येच बंद पाडला तर उष्णता आत कोंडून ज्या भागांना वाचवण्यासाठी शेगडी थांबली त्यांनाच ती भोवते. जळका वास, धूर, ठिणगी किंवा काचेला तडा असेल तर मात्र पंख्याचा विचार न करता तत्काळ वीज तोडावी. सॉकेटजवळ जाणे धोक्याचे वाटत असेल तर मीटरजवळचा किंवा घरातल्या बोर्डातला एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेल्यास आपोआप पडणारा स्विच, खाली करावा.

पंखा थांबल्यावर वीज बंद करून शेगडीला दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. या वेळात चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : नेमका कोड, शेगडी सुरू केल्यापासून किती वेळाने तो आला, वर कोणते भांडे होते आणि त्यात काय होते, आणि त्या वेळी घरात गीझर, मायक्रोवेव्ह, एसी, इस्त्री यांपैकी काय चालू होते. मेकॅनिकला फोनवर ‘शेगडी बंद पडते’ एवढेच सांगितले तर तो सरळ कार्ड घेऊनच येतो. हा तपशील सांगितला तर तो विचार करून येतो.

त्यानंतर पाण्याची चाचणी करावी. इंडक्शनवर नेहमी नीट चालणारे, सपाट बुडाचे एक स्टीलचे पातेले घ्यावे, त्यात साधारण लिटरभर पाणी घालावे, ते काचेवरच्या वर्तुळाच्या मधोमध ठेवावे आणि मध्यम वॉटवर शेगडी सुरू करावी. पाणी उकळत असेपर्यंत १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, त्यामुळे भांडे अति तापल्याची शक्यता या चाचणीतून आपोआप वगळली जाते, आणि मग कोड कधी येतो यावरून बरेच काही कळते. सुरू करताच, भांडे तापायच्या आतच कोड आला, तर उष्णतेचा संबंध नसतो आणि संशय सेन्सरच्या तुटलेल्या वायरीवर, कार्डावर किंवा येणाऱ्या विजेवर जातो. दोन-पाच मिनिटे नीट चालून कोड आला, तर आतली हवा खेळत नाही असे धरून चालावे, म्हणजे पंखा, जाळी आणि मागची जागा तपासावी. कमी वॉटवर तासभर चालणारी शेगडी २००० वॉटवर नेताच थांबत असेल, तर भार पडल्यावर सॉकेटमधले व्होल्टेज खाली बसते आहे का ते पाहावे. आणि पाण्यावर काहीच कोड न येता फक्त तव्यावर किंवा कढईत येत असेल, तर शेगडीला दोष देण्याचे कारण नाही. स्वयंपाकाची पद्धत किंवा ते भांडे बदलावे लागेल.

भांडे सापडत नाही तेव्हा

काचेच्या खाली तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. तिच्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला जातो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होऊन बूड तापते. बूड चुंबकाला ओढणारे नसेल तर हा व्यवहार जमत नाही, आणि शेगडी दर थोड्या सेकंदांनी आवाज देत भांडे शोधते व मिनिटभरात बंद होते. नुसते ॲल्युमिनियम, तांबे, पितळ, काच आणि माती यांची भांडी चालत नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक असते. स्टीलच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो, कारण डबे व ताटे ज्या उत्तम प्रतीच्या स्टीलची असतात त्यातले बरेचसे चुंबकाला धरत नाही. फ्रिजच्या दारावरचा चुंबक बुडाला लावून पाहावा. तो घट्ट चिकटला तर भांडे योग्य, निसटता चिकटला तर शेगडी त्याला कधी ओळखेल आणि कधी ओळखणार नाही. जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या बाजारात भांडे घेताना खिशात एक छोटा चुंबक असावा, ‘इंडक्शन बेस’ या छापील शब्दांपेक्षा त्याची साक्ष अधिक भरवशाची.

चुंबक चिकटूनही कोड येत असेल, तर बुडाचा आकार आणि सपाटपणा पाहावा. साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान बूड बऱ्याच शेगड्यांना दिसत नाही. चहाचे छोटे पातेले किंवा फोडणीचे पळे म्हणूनच नाकारले जाते. गोल बुडाची कढई काचेला मधल्या ठिपक्यापुरतीच टेकते. रिकामे तापवल्याने बूड फुगलेले किंवा आत गेलेले पातेले ओट्यावर ठेवून कडेला बोट दाबले की डुगडुगते. अशा भांड्याने कोड येतोच, शिवाय ते तापमानाच्या सेन्सरलाही फसवते.

उष्णतेचे कोड

तापमान मोजणारे दोन सेन्सर बहुतेक शेगड्यांत असतात. एक गुंडाळीच्या मधोमध, काचेला खालून टेकलेला असतो आणि भांड्याचे तापमान काचेतून जाणवेल तसे मोजतो. दुसरा आत, ज्याला आयजीबीटी म्हणतात त्या मुख्य स्विचच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेला असतो. या दोघांचे कोड वेगळे असतात आणि उपायही वेगळे, म्हणून पुस्तिकेत ‘पृष्ठभाग’ किंवा ‘भांडे’ अति तापले असे म्हटले आहे की ‘आतला भाग’ अति तापला असे, हे नीट वाचावे.

पहिल्या सेन्सरची अडचण आपल्या स्वयंपाकात कुठे येते, ते भाकरीच्या उदाहरणावरून कळते. लोखंडी तवा इंडक्शनवर उत्तम चालतो. पण पहिली भाकरी उतरवून दुसरी थापेपर्यंत तवा रिकामा तापत राहतो, लोखंड उष्णता धरून ठेवते, काच तव्याखाली सतत भाजत राहते, आणि तिसऱ्या-चौथ्या भाकरीला शेगडी थांबते. यात यंत्राचे काही बिघडलेले नसते. भाकरी थापत असताना वॉट निम्म्याहून खाली आणावेत, ती तव्यावर टाकली की वाढवावेत, आणि पाठोपाठ आठ-दहा भाकऱ्या करायच्या असतील तर मध्ये तवा उचलून काचेला मिनिट-दोन मिनिटे मोकळी हवा द्यावी. थालीपीठ आणि घावनालाही हेच लागू आहे. पातळ स्टीलच्या कढईत पूर्ण वॉटवर फोडणी करणे हे याहून धोक्याचे आहे, कारण भांड्याचे बूड काही सेकंदांत तापते आणि ती उष्णता काचेतून सेन्सरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो; कोड येईपर्यंत तेल धुरावलेले असते. फोडणी मध्यम वॉटवरच करावी आणि तेल तापत असताना शेगडीजवळून हलू नये. या संरक्षणावर विसंबून तेल तापत ठेवणे मला अजिबात मान्य नाही.

दुसऱ्या सेन्सरचा कोड आला की हवेच्या वाटेकडे पाहावे. ओट्यावर ठेवायच्या शेगडीचा पंखा तळातून हवा ओढतो आणि मागून किंवा बाजूने बाहेर टाकतो. खाली वर्तमानपत्र, प्लॅस्टिकची चादर किंवा जाड टॉवेल असेल, तर कागद वर ओढला जाऊन जाळीला चिकटतो आणि हवा बंद होते. शेगडी सरळ ग्रॅनाइटच्या ओट्यावर, पायांवर उभी असावी, मागे आणि बाजूंना किमान दहा सेंटिमीटर मोकळी जागा असावी, आणि ज्या गॅस शेगडीवर कुकर चालू आहे तिच्याशेजारी ती खेटून ठेवू नये. लहान फ्लॅटच्या ओट्यावर एवढी जागा काढणे अवघड असते हे खरे, पण मिक्सर दुसरीकडे हलवून ती काढावी. जाळीवर तेलकट धूळ बसलेली असेल तर प्लग काढून कोरड्या रंगाच्या ब्रशने झाडावी आणि व्हॅक्युम क्लीनर असल्यास बाहेरूनच हवा ओढून घ्यावी. पाणी किंवा ओला फडका जाळीला लावू नये.

झुरळांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण आपल्याकडच्या ओट्यांवर तो फार खरा आहे. शेगडीचा आतला भाग रात्रीही उबदार आणि अंधारा असतो, त्यामुळे झुरळे तिथे घर करतात. मेकॅनिक तळाचे झाकण काढतो तेव्हा कार्डावर काळे ठिपके, मेलेली पिल्ले आणि पंख्याच्या पात्यांना चिकटलेला कीस दिसतो. ही घाण ओलावा धरते आणि कार्डावरच्या दोन डाख दिलेल्या सांध्यांमधून वीज झिरपू देते, किंवा पंखाच अडकवते. शेगडी सुरू केल्यावर जाळीजवळ हात धरून हवेचा झोत लागतो का ते पाहावे. पंखा फिरत नसेल किंवा घरघर करत असेल तर शेगडी वापरणे थांबवावे, कारण पंखा हा स्वस्त भाग आहे आणि त्याच्यावाचून जळणारा आयजीबीटी महाग पडतो. रात्री शेगडी पुसून, प्लग काढून, जमिनीपासून उंच कोरड्या फळीवर उभी ठेवावी. तिच्या जाळीतून कीटकनाशकाचा फवारा मात्र मारू नये. तो कार्डावर बसतो.

व्होल्टेजचे कोड

या कोडला लोक सर्वांत कमी महत्त्व देतात आणि माझ्या मते तो सर्वांत गंभीरपणे घ्यावा, कारण तो पुष्कळदा शेगडीविषयी नसून घराच्या वायरिंगविषयी बोलत असतो. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि त्यात सहा टक्के वर-खाली होण्यास मुभा आहे, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. शेगडी ज्या मर्यादेवर थांबते ती याहून बरीच रुंद ठेवलेली असते. तेव्हा व्होल्टेजचा कोड आला, याचा अर्थ सॉकेटमधली वीज नियमातल्या पट्ट्यापासून खूप दूर गेली होती, असा घ्यावा लागतो.

कमी व्होल्टेजचा कोड असेल तर आधी आपल्याच घरात शोध घ्यावा. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढते. भिंतीवरचा छोटा पाच-सहा अँपिअरचा सॉकेट त्यासाठी नाही. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, त्याला जाडीने पुरेशी तांब्याची वायर आणि चालू अर्थिंग हवे. मोठ्या पिनचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा जोड किंवा टीव्हीसाठी घेतलेला एक्स्टेंशन बोर्ड वापरला की सांध्यात प्रतिरोध येतो. एखाद्या सैल स्क्रूपाशी केवळ एक ओहम प्रतिरोध असला, तरी तिथे नऊएक व्होल्ट गळतात आणि ७५ वॉटच्या आसपास उष्णता त्या एकाच बिंदूवर तयार होते, म्हणजे जुन्या साठच्या बल्बपेक्षा अधिक, आणि तीही प्लॅस्टिकच्या डबीत बंद. शेगडी वीस मिनिटे चालवून बंद केल्यावर प्लग काढून पाहावा. पिन हाताला चटका देत असेल, एका पिनेच्या मुळाशी तपकिरी डाग असेल किंवा सॉकेटच्या छिद्राची कड वितळून गोलावली असेल, तर शेगडी बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि सॉकेट व प्लग दोन्ही बदलून घ्यावेत. एकच बदलला तर जुना भाग नव्याला खराब करतो.

सॉकेटमध्ये खोचून व्होल्ट दाखवणारा छोटा मीटर बाजारात सहज मिळतो. त्यावर शेगडी बंद असताना आणि पूर्ण वॉटवर चालू असताना, असे दोन आकडे पाहावेत; मीटर शेजारच्या, पण त्याच वायरवरच्या सॉकेटमध्ये असावा. दोन्हींत चार-पाच व्होल्टचा फरक असेल तर चिंतेचे कारण नाही. फरक वीसच्या पुढे जात असेल तर दोष घराच्या वीजमीटरपासून ओट्यापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी आहे, मग तो सैल सांधा असो, बारीक वायर असो की बोर्डातला जळका एमसीबी. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत आणि सिडकोच्या सुरुवातीच्या काळातल्या घरांत, जिथे ओट्याजवळ मिक्सरपुरता पॉइंट देऊन वायरिंग केलेले होते, तिथे त्याच वायरवर पुढे फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन असे सगळे आलेले असते. तिथे कोडचा उपाय शेगडीच्या दुकानात मिळणार नाही. बोर्डापासून ओट्यापर्यंत स्वतंत्र एमसीबी आणि नवी वायर ओढून घेणे हाच तो उपाय. स्टॅबिलायझर लावून हा दोष झाकू नये, आणि घरातला इन्व्हर्टर तर या भारासाठी नसतोच.

शेगडी बंद असतानाही मीटरवर आकडा खूप खाली असेल, आणि शेजाऱ्यांकडेही तसाच असेल, तर तो पुरवठ्याचा प्रश्न आहे. ठाणे आणि नवी मुंबईत महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. कळवा, मुंब्रा आणि शीळ या भागांत वितरणाचे काम २०२० पासून टोरेंट पॉवर पाहते, त्यामुळे तिथल्या ग्राहकांनी आपल्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर तक्रार करावी. तक्रार करताना वेळ आणि व्होल्टचा आकडा सांगावा आणि तक्रार क्रमांक टिपून घ्यावा.

जास्त व्होल्टेजचा कोड आला तर क्षणभरही थांबू नये. इमारतीत तीन फेजची वीज येते आणि ती फ्लॅटांमध्ये वाटून दिलेली असते. सर्वांचा परतीचा मार्ग म्हणजे न्यूट्रल मात्र एकच असतो. तो मीटरच्या खोलीत किंवा केबलच्या पेटीत सैल झाला, तर काही घरांत व्होल्टेज धोकादायकरीत्या चढते आणि त्याच वेळी दुसऱ्या काही घरांत पडते. पावसाळ्यात, गंज आणि ओल यांमुळे, हे अधिक घडते. एका खोलीतले दिवे भगभगीत होऊन दुसऱ्या मजल्यावरचे मंदावले, पंखे नेहमीपेक्षा जोरात फिरू लागले आणि त्याच सुमारास शेगडीने जास्त व्होल्टेजचा कोड दाखवला, तर घराचा मुख्य स्विच खाली करावा, वरच्या-खालच्या मजल्यांवर सांगावे आणि सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला व वीज कंपनीला लगेच कळवावे. शेगडी स्वतःला थांबवू शकली. फ्रिज, टीव्ही आणि चार्जरवर लावलेला फोन यांच्यात बहुधा ती सोय नसते.

बिघाड नसलेली काही चिन्हे

स्वयंपाक संपल्यावर दिसणारे इंग्रजी ‘एच’ हे अक्षर बिघाडाचे नाही. काच अजून तापलेली आहे, हात लावू नका, असे ते सांगते आणि काच निवली की जाते. ‘एल’ किंवा ‘एलओ’ दिसून कोणतेच बटण चालत नसेल तर बहुधा लहान मुलांसाठीचे कुलूप लागलेले असते. कुलपाचे चित्र असलेले बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावे. टच पॅनेलवर पाणी सांडले, दूध उतू आले किंवा ओला हात टेकून राहिला, तर पॅनेलला सगळी बटणे एकदम दाबल्यासारखी वाटतात आणि काही मॉडेल त्यासाठी वेगळा कोड दाखवतात; वीज बंद करून पॅनेल कोरडे पुसावे, बस्स.

जून ते सप्टेंबर या काळात खाडीकाठच्या हवेत ओलावा इतका असतो की आठवडेच्या आठवडे न वापरलेली शेगडी काढून लगेच लावली तर विचित्र कोड येतात किंवा घरातला गळती-संरक्षक स्विच, म्हणजे आरसीसीबी, पडतो. अशी शेगडी आधी कोरड्या खोलीत पंख्याखाली दिवसभर ठेवावी आणि मगच सुरू करावी. त्यानंतरही आरसीसीबी पडत असेल तर पुन्हा प्रयत्न करू नये.

आतले कोड आणि मेकॅनिकचे काम

सेन्सर ‘ओपन’ (जोडणी तुटलेला) किंवा ‘शॉर्ट’ (दोन्ही टोके थेट जुळलेला) असल्याचा कोड घरच्या घरी दुरुस्त करण्यासारखा नाही. शेगडीच्या आत २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर झालेले असते, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर काही काळ ती साठवून ठेवतो. ज्याला हे काम येत नाही त्याने तळाचे स्क्रू काढू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. तरीही मेकॅनिक काय तपासतो ते ग्राहकाला माहीत असावे. बऱ्याच शेगड्यांतला काचेखालचा सेन्सर २५ अंशांवर सुमारे १०० किलोओहम प्रतिरोध दाखवतो आणि तापला की तो आकडा घटत जातो. मेकॅनिकने त्याची जोडणी काढून मल्टिमीटर लावावा आणि सेन्सर बोटांत धरून आकडा खाली येतो का ते पाहावे. आकडा हलतच नसेल तर सेन्सर गेला. अनेकदा सेन्सरही ठीक असतो आणि त्याची जोडणी सैल झालेली किंवा त्यावरचा उष्णतावाहक लेप वाळून गेलेला असतो. एवढ्यासाठी पूर्ण कार्ड बदलायची गरज नसते, आणि ‘कार्डच गेलंय’ असे झाकण काढण्याआधी कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे काम देऊ नये.

कोणताही कोड न दाखवता शेगडी पूर्ण मेली असेल, किंवा लावताच एमसीबी पडत असेल, तर आयजीबीटी आणि पूल-रेक्टिफायर (येणारी वीज एकदिश करणारा भाग) शॉर्ट होऊन आतला फ्यूज उडाल्याची शक्यता मोठी असते. तेव्हा नुसता फ्यूज बदलला तर तो पुन्हा उडतो, आणि त्याच्या जागी तार गुंडाळली तर पुढच्या वेळी आग लागू शकते. जळालेले भाग बदलल्यावर ते का जळाले, म्हणजे पंखा बंद होता, झुरळांमुळे शॉर्ट झाले की व्होल्टेज चढले, हे विचारावे आणि त्याचा बंदोबस्त झाल्यावरच शेगडी चालवावी. दुरुस्तीनंतर मेकॅनिकसमोर पाण्याची चाचणी पूर्ण वॉटवर किमान पंधरा मिनिटे करून घ्यावी, कारण उष्णतेचे दोष पहिल्या दोन मिनिटांत दिसत नाहीत.

काचेला केसाएवढा तडा गेला असेल, तर कोड नसला तरी शेगडी वापरू नये. उतू गेलेले पाणी तड्यातून थेट वीजवाहक भागांवर पडते. काच बदलण्याचा खर्च छोट्या शेगडीच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे जात असेल, तर नवी घेणे शहाणपणाचे. वॉरंटी चालू असताना बाहेरच्या मेकॅनिककडून झाकण उघडू देऊ नये, कारण सील तुटले की दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. सर्व्हिस सेंटरकडून जॉबशीट घ्यावी आणि त्यावर कोड, आढळलेला दोष व बदललेल्या भागाचे नाव लिहून घ्यावे. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. वॉरंटीत असूनही टाळाटाळ होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि त्या वेळी बिल, जॉबशीट व कोडचा फोटो हाताशी असावा.